बी-२४चा जॉइंट अडकू नये म्हणून (आणि अडकलाच तर)

एमएस्सीला तेलाची सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू काढायचं प्रॅक्टिकल होतं, अल्कोहोलिक केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून रिफ्लक्स, म्हणजे वाफ वर कंडेन्सरमध्ये गार होऊन परत फ्लास्कात पडेल असं उकळत ठेवणं, मग टायट्रेशन. शनिवारी बस पकडायच्या घाईत माझा ब्लँकचा (तेल न घातलेला) फ्लास्क कंडेन्सरसकट स्टँडवर तसाच राहिला. सोमवारी बघतो तर जॉइंट, म्हणजे फ्लास्क आणि कंडेन्सर एकमेकांत बसतात तो घासलेल्या काचेचा सांधा, जाम, आणि मी आपला ताकद लावून पिळतोय! फ्लास्कची मान हातात आली, टॉवेल धरला होता म्हणून बोटं वाचली, पण ब्रेकेजचे पैसे गेलेच.

केओएचसारखं अल्कली काच खातं. घासलेल्या पृष्ठभागात केओएच शिरलं की सिलिकेट तयार होतं, वर हवेतल्या सीओटूमुळे कार्बोनेट, आणि वाळलं की दोन्ही तुकडे सिमेंट लावल्यासारखे बसतात. म्हणून कॉस्टिकचं (अशा तीव्र अल्कलीचं) सोल्यूशन काचेच्या बुचाच्या बाटलीत कधीच ठेवायचं नाही, रबरी नाहीतर प्लॅस्टिकचं बूच लावा. अल्कलीचा रिफ्लक्स असेल तर जॉइंटला ग्रीस किंवा टेफ्लॉनची स्लीव्ह हवीच.

आधी नंबरचं बघू. बी-२४ म्हणजे जॉइंटचा रुंद टोकाकडचा व्यास साधारण २४ मिमी. २४/२९ लिहिलेलं असेल तर घासलेला भाग २९ मिमी लांब, अमेरिकन सामानावर २४/४० दिसतं. उतार दोन्हीचा सारखाच, १० मिमीला १ मिमी, त्यामुळे ते एकमेकांत बसतात, फक्त थोडा भाग रिकामा राहतो. सेपरेटिंग फनेलच्या (न मिसळणारे द्रव वेगळे करायच्या फनेलच्या) काचेच्या कॉकचं, म्हणजे खालच्या तोटीचं मात्र तसं नाही, जुने कॉक त्या-त्या फनेलसाठीच घासलेले असतात, दुसऱ्याचा घातला की गळणार. आमचे लॅबचे मामा बूच आणि कॉक दोऱ्याने फनेललाच बांधून ठेवायचे, तेव्हा हसायचो आम्ही.

जॉइंट लावायच्या आधी दोन्ही बाजू कोरड्या कापडाने पुसा, एक कण जरी अडकला तरी ओरखडा पडतो आणि तिथून गळतं. ग्रीस आतल्या तुकड्यावर, तेही वरच्या भागात दोन बारीक रेघा, मग बसवून हलकंच फिरवायचं. जॉइंट पारदर्शक दिसायला लागला की झालं. खाली लावलं तर ग्रीस थेट फ्लास्कात उतरतं आणि सिलिकॉन ग्रीसचा पीक एनएमआरमध्ये (पदार्थाची रचना तपासायच्या चाचणीत) ०.०७ पीपीएमच्या आसपास येऊन बसतो, मग गाईडला काय सांगणार? व्हॅक्युम लावायचं असेल तर ग्रीस हवंच, साध्या न्यूट्रल रिफ्लक्सला मी तरी लावत नाही.

प्लॅस्टिकची क्लिप फ्लास्क पडू नये म्हणून लावतात, पण तिच्या भरवशावर जड फ्लास्क लटकवू नका, मानेला क्लॅम्प हवाच. फार तापलं तर क्लिप मऊ पडते.

काम संपलं की सेटअप कोमट असतानाच सोडवा, पूर्ण गार व्हायची वाट बघू नका. ग्रीस आधी हेक्झेनच्या बोळ्याने पुसा, मगच साबण. फनेल ओव्हनमध्ये टाकताना बूच-कॉक काढून, आणि कपाटात ठेवताना मध्ये कागदाची पट्टी.

आता जाम झालाच तर. आधी आत काय आहे ते बघा. जुनं ईथर असेल, आत दाब असेल, किंवा काय आहे तेच माहीत नसेल तर हात लावू नका, सरांना बोलवा. रिकामा असेल तर जॉइंटच्या कडेने ग्लिसरीन सोडून रात्रभर ठेवा, मग लाकडी ठोकळ्याने बाजूने हलकं टकटक करा. तरी नाही सुटला तर फक्त बाहेरचा भाग हीटगनने फिरवत १०-१५ सेकंद तापवा (ग्लिसरीन आधी पुसून). बाहेरचा भाग आधी फुगतो, आतला अजून गारच असतो, तेवढ्यात जाड हातमोजे घालून सरळ रेषेत थोडं फिरवत ओढायचं, वाकडं अजिबात नाही. पहिल्यांदा नाही आला तर गार होऊ द्या, परत करा. चष्मा घालूनच. तीन-चारदा करूनही हलत नसेल तर ग्लासब्लोअरकडे द्या, किंवा सरळ ब्रेकेज लिहून मोकळे व्हा.