निघण्याआधीचे तीन महिने

उत्तर युगांडातल्या गुलूजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी दोन वर्षं स्वयंसेवक होते. गोव्यातल्या फोंड्याहून जाताना बॅगेत काय भरायचं ते दहाजणांनी सांगितलं, तिथून निघायचं कसं ते कुणीच सांगितलं नाही. नव्याने जाणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात जास्त वेळ काम सोपवण्यासाठी ठेवा. मी चुकले ती इथेच. लसींच्या फ्रिजचं तापमान 2 ते 8 अंशांत राहावं लागतं आणि ते सकाळ-संध्याकाळ तक्त्यावर लिहायचं असतं. हळूहळू ते काम माझंच होऊन गेलं होतं. निघायला पाच आठवडे असताना तापाने चार दिवस पडून होते. परत आले तर तक्त्यावरचे आठ रकाने कोरे! बाटल्यांवरच्या खुणा एकेक करून पाहिल्या. वर्तुळातला चौकोन फिकट होता, म्हणजे लसी उष्णतेने बिघडल्या नव्हत्या. जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी पेन तिथल्या सिस्टरच्या हातात दिलं आणि पुढे महिनाभर नुसती बाजूला उभी राहिले. हे तीन महिने आधीच करायला हवं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. सेवेचं प्रमाणपत्र आणि वरिष्ठांचं शिफारसपत्र तिथे असतानाच हातात घ्या, वरिष्ठांची बदली झाली की पत्र लांबतं. सेवा संपल्यावर भत्ता मिळणार असेल तर तो कधी आणि कुठल्या खात्यात येणार, ते करारात बघा. उरलेले शिलिंग तिथेच बदलून घ्या. पीतज्वराच्या लसीचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. युगांडाहून येणाऱ्याला ते भारतात दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. 2016 पासून ते जन्मभर चालतं, त्यामुळे जुनं असलं तरी टाकू नका. आणि घरी आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा की आफ्रिकेतून आलेय. मलेरिया काही आठवड्यांनीही डोकं वर काढतो.

निरोपाचं मात्र मी आमच्या वाड्यावरच्या एका आजोबांकडून शिकले. ते युगांडाच्या राजधानीत, कंपालात नोकरीला होते. 1972 मध्ये तिथला हुकूमशहा ईदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा गोव्यात परतले. निघायच्या आधी त्यांना फोन केला तर म्हणाले, "बाय, शेजाऱ्यांना सांगून ये गो. माझ्याच्यान तेवढं झालं नाही."

मग शेवटचा आठवडा मी घरोघरी फिरले. तिथल्या आचोली भाषेत 'आप्वोयो' म्हणजे आभार, तेवढा एक शब्द पुरला. एका म्हाताऱ्या बाईंनी भाजलेले तीळ, तिथल्या बोलीत सिमसिम, फडक्यात बांधून दिले.

चवथीच्या तोंडावर घरी पोहोचले. गणपतीवर फळा-भाज्यांची माटोळी बांधायची गडबड चाललेली, आणि येणारा प्रत्येकजण विचारायचा, "आता पुढे काय?" या प्रश्नाचं दोन वाक्यांचं उत्तर विमानात बसायच्या आधीच तयार ठेवा, नाहीतर पहिला महिना फार जड जातो.

दुसऱ्या दिवशी तीळ घेऊन आजोबांकडे गेले. त्यांनी चिमूटभर तळहातावर घेतले, वास घेतला आणि म्हणाले, "सिमसिम."