सोलापुरात वापरण्यासाठी आलिशान क्रॉसओव्हर एसयूव्ही पारखताना या चुका टाळा

आलिशान क्रॉसओव्हर घ्यायची ठरली की सोलापूरकर बहुधा पुणे गाठतात, शोरूमच्या गारव्यात गाडी न्याहाळतात, वीस मिनिटे सपाट रस्त्यावर चालवून पाहतात आणि त्याच दिवशी बुकिंगची रक्कम भरून परततात. गाडी मात्र पुढची कित्येक वर्षे होटगी रोडवर, विजापूर रोडवर, अक्कलकोट-तुळजापूरच्या फेऱ्यांत आणि ४२ अंशांच्या उन्हात राहणार असते. घरच्या आणि नात्यातल्या काही खरेदींच्या वेळी मी सोबत होतो. नंतर जी हळहळ ऐकायला मिळाली ती जवळजवळ सगळी याच तफावतीतून आलेली होती.

पहिली चूक मापदंडाची असते. आपल्याकडे मोठी गाडी म्हटले की फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ डोळ्यांसमोर येते. त्यांची बॉडी शिडीच्या आकाराच्या पोलादी सांगाड्यावर बसवलेली असते. बीएमडब्ल्यू एक्स३, मर्सिडीज-बेंझ जीएलसी, ऑडी क्यू५ किंवा व्होल्वो एक्ससी६० यांसारख्या क्रॉसओव्हरमध्ये सांगाडा आणि बॉडी एकसंध असते. त्यामुळे ती वळणावर कमी कलते आणि आत शांतता राहते, पण खाचखळग्यांचे दणके रोज सोसणे हे तिचे काम नव्हे. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेत पावसाळ्यात गाडी न्यायची असेल, तर चारही चाकांना ताकद मिळते एवढ्यावर विसंबू नये. रस्त्यासाठी बनवलेल्या टायरच्या खाचांत काळी माती बसली की चारही चाके सारखीच घसरतात.

ट्रायल घाईत आटोपणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. ट्रायलची गाडी शक्यतो सोलापूरला मागवावी. एवढ्या किमतीच्या गाडीसाठी अशी विनंती करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ते जमले नाही तर निदान एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी दोनची वेळ घ्यावी. गाडी तासभर उन्हात उभी करावी, मग घड्याळ लावून मागच्या आसनावर बसावे आणि एसीचा गारवा तिथपर्यंत पोहोचायला किती मिनिटे लागतात ते पाहावे. काचेचे मोठे छत दिसायला देखणे असते, परंतु काही गाड्यांत त्याखालचा पडदा पातळ कापडाचा असतो आणि भर उन्हात डोक्यावर झळ जाणवत राहते. छताच्या यंत्रणेमुळे डोक्यावरची जागाही थोडी कमी होते. घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे बसवून हे तपासावे. हवेशीर (आतून पंख्याने हवा खेळवणारी) आसने असल्यास त्यांचा उपयोग आपल्याकडे छतापेक्षा कितीतरी जास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरातली ज्येष्ठ मंडळी ट्रायलला हवीतच. नऊवारी नेसलेल्या आजीला किंवा गुडघे दुखणाऱ्या वडिलांना तीन-चार वेळा चढायला-उतरायला लावावे. आसनाची उंची त्यांच्या कमरेच्या बरोबरीला असली पाहिजे, आणि दाराखालची पट्टी फार रुंद असेल तर साडीची किनार प्रत्येक वेळी तिला घासते. पाच जण बसणार असतील तर मधल्या माणसाची जागा विसरू नये. एक्स३, जीएलसी, क्यू५ यांच्यात इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट मधून जातो, त्यामुळे मागच्या बाजूला जमिनीवर मोठा उंचवटा येतो. तुळजापूरपर्यंतचा प्रवास कसाबसा निभावतो, पुण्यापर्यंतचा निभावत नाही.

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीचा, माहितीपत्रकातला आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि सामान भरून आपल्या ओळखीच्या उंच गतिरोधकावरून गाडी सावकाश न्यावी, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जास्त असलेल्या गाडीचे पोट तिथेच टेकते.

गाडी फार दणकते असे वाटल्यास लगेच नापसंत करू नये. नव्या गाड्या यार्डात उभ्या असताना टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून हवा जास्त भरलेली असते आणि कधीकधी ट्रायलच्या गाडीतही ती तशीच राहते. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा करून घ्यावी आणि पुन्हा चालवावी. याच्या उलट फसगतही होते. ट्रायलची गाडी सर्वांत वरच्या व्हेरिएंटची, रस्त्यानुसार बदलणाऱ्या सस्पेन्शनची असते आणि आपण घेतो ती साध्या सस्पेन्शनची. व्हेरिएंट आणि चाकांचा आकार दोन्ही आपल्या गाडीचेच आहेत का, हे आधी विचारावे.

डिकीत स्टेपनी आहे का, हे न पाहणे

अनेक आलिशान गाड्यांत पूर्ण आकाराची स्टेपनी नसते. त्याऐवजी रन-फ्लॅट टायर, लहान चाक किंवा नुसती पंक्चर काढण्याची किट मिळते. रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही चालतो, पण सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या आत आणि जेमतेम ८० किलोमीटर. भिगवणजवळ टायर गेला तर पुणे साधारण १०० किलोमीटरवर आणि सोलापूर त्याहून दूर, म्हणजे कोणतेच टोक गाठता येत नाही. १९ किंवा २० इंची चाकाचा टायर रस्त्यावरच्या दुकानात रात्री मिळेल अशी आशा धरू नये. निवडीला वाव असेल तर लहान रिमचा आणि जाड कडेचा टायर घ्यावा. खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका त्याने कमी होतो.

ऊस गाळपाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्री मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा त्यांना प्रत्येक वेळी ओळखेल असे गृहीत धरू नये आणि तिची परीक्षा घेण्याचा प्रयोगही करू नये. त्यापेक्षा अंधारात हेडलाइटचा झोत किती दूर आणि किती रुंद पडतो, ते पाहून घ्यावे.

इंधनाची निवड सवयीने करणे

सात रस्ता ते अक्कलकोट रोड एमआयडीसी एवढेच रोजचे जाणे असेल, तर डिझेल घेण्यापूर्वी विचार करावा. बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे मानक) डिझेल गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी तापावा लागतो आणि छोट्या फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही. त्याचा पिवळा दिवा लागल्यास मोहोळच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवल्यावर तो बहुधा विझतो. दिवा लाल झाला किंवा ताकद घटली, तर मात्र पुढे न रेटता सर्व्हिस सेंटरला कळवावे. अ‍ॅडब्लूची (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची) पातळीही पाहत राहावी, कारण ते संपून गाडी बंद केल्यास पुन्हा सुरू होत नाही.

शोरूमच्या किमतीवर हिशेब थांबवणे

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के आणि डिझेल गाडीला १५ टक्के वाहनकर लागतो. कंपनीच्या नावावर तो २० टक्के होतो. ६० लाखांच्या पेट्रोल गाडीवर हाच फरक ७.८ लाख आणि १२ लाख असा पडतो. चादर-टॉवेलच्या कारखानदारांनी घसाऱ्याचा लाभ मोजताना हा आकडा समोर ठेवावा. अशा प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचे क्रेडिटही (भरलेल्या कराची वजावट) सहसा मिळत नाही. १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर), म्हणजे ६० लाखांवर ६० हजार रुपये, भरावे लागतात. ते पॅनवर जमा होऊन विवरणपत्रात वळते करता येतात. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नसते, म्हणून बाहेरचे दोन प्रस्ताव हाती ठेवूनच बोलणी करावीत.

गाडीची तपासणी नोंदणीपूर्वी करावी, कारण एमएच-१३ क्रमांक पडल्यानंतर गाडी बदलून मागणे फार अवघड होते. दिवसाच्या उजेडात रंग पाहावा, चॅसिस क्रमांक कागदांशी जुळवावा आणि सर्व टायरवरचे उत्पादनाच्या तारखेचे चार अंकी शिक्के वाचावेत. त्यांतले पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ मधला तेविसावा आठवडा. शिक्का वर्षभराहून जुना निघाला, तर गाडीच्या उत्पादनाचा महिना लेखी मागावा आणि उत्तर येईपर्यंत उरलेली रक्कम भरू नये.