छातीतील नळी आणि पाण्याची बाटली कशी सांभाळावी

फुप्फुसाभोवती हवा किंवा पू साचल्यास काखेच्या खालच्या भागात दोन फासळ्यांच्या मध्ये, त्यांतल्या खालच्या फासळीच्या वरच्या कडेला लागून नळी घालतात, कारण प्रत्येक फासळीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या व मज्जातंतू जातात.

नळीचे बाहेरचे टोक बाटलीतील पाण्यात सुमारे 2 सेंटिमीटर बुडालेले असावे. बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली ठेवावी. रुग्णाला स्ट्रेचरवर हलवताना घाईत ती त्याच्या पोटावर ठेवली, तर पाणी उलटे छातीत ओढले जाऊ शकते. श्वासाबरोबर नळीतील पाणी वर-खाली होत असेल, तर नळी मोकळी आहे असे समजावे. ते थांबले, तर नळी अंगाखाली दबली आहे का, हे आधी पाहावे. बुडबुडे येत असताना मात्र नळीला चिमटा मुळीच लावू नये, कारण कोंडलेल्या हवेचा दाब हृदयावर येऊन जीव धोक्यात येतो.