काइटसर्फिंग शिकताय? सामान घेण्याआधी या चुका टाळा

काइटसर्फिंग म्हणजे काइटच्या, म्हणजे मोठ्या पतंगाच्या, ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जाणं. त्याचे व्हिडिओ बघून पहिला विचार येतो तो काइट विकत घ्यायचा. कुणाकडे तरी जुना सेट स्वस्तात मिळतो, घरी येऊन पडतो आणि मग प्रश्न उभा राहतो: हा उडवायचा कुठे? क्रम उलटा झालेला असतो. आधी वारा आणि पाणी बघा, मग शिकवणारा शोधा. सामान सगळ्यात शेवटी.

जवळचा किनारा तोच शिकायचा किनारा

मुंबई-पुण्याच्या माणसाला अलिबाग जवळ वाटतं, सुट्टी असली तर मोरजी. पण कोकण-गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळचे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात. त्या वाऱ्यात काइट पाण्यात पडला आणि उठेना, तर माणूस किनाऱ्यापासून लांब लांब जात राहतो. दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे तिरके किनाऱ्यावर येतात, आपलं काम तेव्हाच. पावसाळ्यात वारा भरपूर असतो, पण दर्या खवळलेला असतो. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

शिवाय मुंबई-अलिबागकडे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. ओहोटीला ऐसपैस दिसलेली पुळण भरतीला सुरूच्या बनापर्यंत बुडालेली असते, मग काइट उतरवणार कुठे? काइटच्या लाइनच, म्हणजे दोऱ्या, 20 ते 24 मीटर लांब असतात. वारा जिकडे ढकलेल तिकडे निदान शंभर मीटर मोकळे हवेत. त्या पट्ट्यात होड्या, रापणीचे दोर, विजेच्या तारा, माणसं काही नको. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तो राखीव भागही सोडायचा.

माझं मत विचाराल तर पहिला आठवडा रामेश्वरमला काढा. एका अंगाला पाल्कची सामुद्रधुनी, दुसऱ्या अंगाला मन्नारचं आखात. उन्हाळ्या-पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा, थंडीत ईशान्येचा, आणि दोन्ही मोसमांत कुठल्या तरी बाजूला सपाट, उथळ पाणी सापडतं. पाय टेकतात, हीच नवशिक्याची मोठी सोय. मात्र वारा जमिनीवरून असेल तर बचावाची होडी तयार आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. पासपोर्ट असेल तर श्रीलंकेतलं कल्पिटिया, मे ते ऑक्टोबर, तितकंच चांगलं.

मित्राच्या मापाचा काइट

वाऱ्याचा वेग वाढला की ओढ त्याच्या वर्गाने वाढते. 12 नॉटचा (नॉट म्हणजे वाऱ्याचा वेग मोजायचं एकक) वारा 17 नॉट झाला की ओढ दुप्पट. म्हणून ‘थोडा मोठाच घेऊन ठेव’ हा सल्ला धोक्याचा. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला 15 नॉटच्या आसपास 12 चौरस मीटरचा काइट चालतो. वारा 20 च्या पुढे गेला की 9 चा. तुमचं वजन पंचावन्न असेल तर याहून लहान.

जुना सेट न तपासता घेणं

नवा काइट आणि बार (लाइन जोडलेला, हातात धरायचा दांडा) मिळून लाखाच्या पुढे जातो, त्यामुळे जुना घेण्यात काही वावगं नाही. फक्त घाई नको. काइट पूर्ण फुगवून दोन-तीन तास तसाच ठेवा. काइटच्या पुढच्या कडेची फुगवलेली नळी मऊ पडली तर आतला ब्लॅडर, म्हणजे हवेचा फुगा, किंवा व्हॉल्व्हचा जोड गेला. आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या काइटचा गोंद हमखास सुटतो. कापड चोळून बघा: करकरीत वाजलं तर ठीक, जुन्या ओढणीसारखं लोळलं तर परत द्या.

मग बार. चारही लाइनची टोकं एका खिळ्याला अडकवा, बार ताणून धरा. बार वाकडा दिसला किंवा एखादी लाइन सैल लोंबली तर लांबी बिघडली आहे. बहुतेक वेळा पुढच्या दोन लाइन भार घेऊन ताणलेल्या असतात, त्यामुळे मागच्या आखूड पडतात. ‘काइट वर जातो आणि मागे मागे पडतो’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते. मागच्या लाइनच्या गाठी सरकवून त्या लांब करा. काइट तोच, पण नीट उडायला लागतो. आणीबाणीत काइट सोडून देणारी यंत्रणा ढकलून बघा, ताण असतानासुद्धा. तिच्यासाठी आयएसओ 21853 हे मानक 2020 मध्ये आलं. त्याआधीचा बार असेल तर मी काइट घेईन, बार नवा घेईन.

बोर्ड मात्र मोठा घ्या. उठता उठता पुन्हा बसायला होत असेल तर बऱ्याचदा बोर्ड लहान असतो किंवा वारा कमी. 140 सेंटिमीटरच्या आसपासचा सरासरी वजनाला पुरतो. बोर्डला दोरी बांधून पायाला अडकवू नका. ताणलेली दोरी सुटली की बोर्ड डोक्यावर येतो.

स्वतःचं काही आधी घ्यायचंच असेल तर हार्नेस (काइटची ओढ अंगावर घेणारा, हुक असलेला कमरेचा पट्टा) आणि हेल्मेट घ्या. शिकवणाऱ्यांकडचे हार्नेस सैल झालेले असतात, वर सरकून बरगड्यांना काचतात. दुकानात अंगावर चढवून हुकाला धरून कुणाला तरी जोरात ओढायला सांगा.