क्रूझला जाताना पैसे कसे न्यावेत आणि कसे खर्चावेत

खान्देशातले कुटुंब यात्रेला निघाले की सगळे पैसे एका जागी ठेवत नाही. थोडे आतल्या खिशात, थोडे घरच्या बाईच्या बटव्यात आणि अडीअडचणीचे पिशवीच्या तळाशी, अशी वाटणी न सांगता होते. ही सवय क्रूझच्या सहलीतही उपयोगी पडते. मात्र जहाजावर दुकानात, बारमध्ये किंवा स्पामध्ये नोटा सहसा घेतल्या जात नाहीत, आणि जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याहून प्रथमच निघालेल्या अनेकांना हे बंदरावर पोहोचल्यावरच कळते. त्यामुळे कोणत्या खर्चासाठी कोणते साधन वापरायचे, हे घरीच ठरवून ठेवावे.

जहाजावर चढताना प्रत्येक प्रवाशाला एक कार्ड मिळते. तेच कॅबिनची किल्ली असते, तेच ओळखपत्र असते आणि खर्चही त्यावरच नोंदला जातो. कॉफी घेतली, फोटो विकत घेतला किंवा बंदरावरची सहल जहाजावरूनच आरक्षित केली, की ती रक्कम आपल्या कॅबिनच्या खात्यात लिहिली जाते आणि शेवटच्या दिवशी एकत्र वसूल होते. गावातल्या किराणा दुकानाच्या वहीसारखाच हा हिशेब आहे. फरक एवढाच की येथे वही रोज उघडून पाहण्याची जबाबदारी आपली असते. कॅबिनमधील टीव्हीवर किंवा कंपनीच्या ॲपवर हा हिशेब दिसतो. तो रोज रात्री झोपण्यापूर्वी पाहावा, कारण चुकीची नोंद त्याच दिवशी रिसेप्शनवर दाखवली तर सहज दुरुस्त होते.

या खात्यामागे कोणते साधन जोडायचे, हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. बहुतेक कंपन्या क्रेडिट कार्ड किंवा रोख अनामत स्वीकारतात, आणि अनेक ठिकाणी डेबिट कार्डही चालते. माझ्या मते डेबिट कार्ड जोडू नये. प्रत्यक्ष खर्च होण्यापूर्वीच कंपनी ठरावीक रक्कम आपल्या कार्डावर अडवून ठेवते, आणि खर्च वाढत गेला तर आणखी अडवते. क्रेडिट कार्डावर त्यामुळे फक्त मर्यादा कमी होते. डेबिट कार्डावर मात्र बचत खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सहल संपल्यावरही ते सुटायला काही दिवस, कधी त्याहून अधिक काळ लागतो. भुसावळच्या आमच्या परिचयातील एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी निवृत्तिवेतनाच्या खात्याचेच कार्ड जोडले होते. घरी परतल्यावर औषधांसाठी पैसे काढायला ते गेले, तेव्हा खात्यातील मोठा भाग वापरता येत नव्हता. रक्कम पुढे पूर्ण मोकळी झाली, पण मधल्या दिवसांत त्यांना मुलाकडे पैसे मागावे लागले आणि त्याचे त्यांना फार वाईट वाटले. प्रीपेड फॉरेक्स कार्डाबाबतही, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डाबाबतही, हीच अडचण येते, म्हणून ते जहाजाच्या खात्याला न जोडता बंदरावरच्या खर्चासाठी राखून ठेवावे.

ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नाही, किंवा ज्यांना खर्चाला स्वतःच मर्यादा घालायची आहे, त्यांच्यासाठी रोख अनामत हा उत्तम मार्ग आहे. चढल्यावर रिसेप्शनवर जहाजाच्या चलनात रक्कम भरायची. ती संपली की खाते थांबते, आणि उरलेली रक्कम शेवटी परत मिळते. केळीचे किंवा कापसाचे पैसे हाती आल्यावर सहलीसाठी ठरावीक रक्कम बाजूला काढणाऱ्या घरांना ही पद्धत सोयीची वाटते. मुलांच्या कार्डावरील खर्च बंद ठेवण्याची किंवा त्याला मर्यादा घालण्याची सोयही रिसेप्शनवर असते. व्हिडिओ गेमच्या दालनात जाणाऱ्या मुलांसाठी ती पहिल्याच दिवशी मागून घ्यावी.

जहाजाचे चलन कोणते, हे तिकिटाबरोबरच्या माहितीपत्रात वाचून घ्यावे. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर कंपनीनुसार अमेरिकी किंवा सिंगापुरी डॉलर चालतो, तर भूमध्य समुद्रातील अनेक जहाजांवर युरो चालतो. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या देशांतर्गत सफरीसाठी परकीय चलनाची गरज नसते, पण खर्च कार्डावर नोंदण्याची पद्धत तेथेही असते.

परदेशी चलनातील खर्चावर बहुतेक भारतीय क्रेडिट कार्डे सुमारे ३.५ टक्क्यांपर्यंत जादा आकार घेतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे एक लाख रुपयांच्या खर्चावर सुमारे ४,१३० रुपये अधिक जातात. हा आकार न घेणारी किंवा कमी घेणारी कार्डेही मिळतात, म्हणून निघण्यापूर्वी बँकेत विचारावे. दुसरा खर्च याहून फसवा असतो. बिल देताना यंत्रावर किंवा रिसेप्शनवर ‘रुपयांत भरायचे का’ असा प्रश्न येतो. रुपये ओळखीचे असल्याने आपण हो म्हणतो, परंतु तो दर बहुधा महाग असतो. अशा वेळी नेहमी जहाजाचे किंवा त्या देशाचे चलन निवडावे. काही कंपन्या असे रूपांतर आपोआप करतात. ते नको असल्यास शेवटच्या रात्रीपूर्वी रिसेप्शनवर तसे सांगावे लागते.

आपण मागितलेला नसतानाही एक खर्च खात्यात येतो, तो म्हणजे सेवकवर्गासाठीची दैनिक टिप. अनेक आंतरराष्ट्रीय जहाजांवर ती माणशी दिवसाला १५ ते २० डॉलर असते. माणशी १८ डॉलर धरले, तरी दोघांच्या चार रात्रींचे १४४ डॉलर होतात. ती तिकिटातच धरली आहे का, हे आरक्षण करतानाच विचारावे. पेयांच्या बिलावर अनेकदा १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळे लागते, त्यामुळे १० डॉलरचा रस प्रत्यक्षात १२ डॉलरच्या आसपास जातो. मुख्य भोजनगृहातील जेवण, पाणी आणि साधा चहा सहसा तिकिटातच असतात.

बंदरावर मात्र रोख लागते. फुकेतमधील टुकटुक, पिनांगमधील खाऊच्या टपऱ्या आणि छोट्या दुकानांत थाई बात किंवा मलेशियन रिंगिट हातात असलेले बरे. सिंगापूरमध्ये काही दुकानांत यूपीआय चालते, पण त्यावर विसंबून राहू नये. मोठी रक्कम नेण्याऐवजी माणशी दिवसभरापुरती छोट्या नोटांची सोय करावी आणि उरलेले पैसे कॅबिनच्या तिजोरीत ठेवावेत. जिल्ह्याच्या गावी बँकेच्या प्रत्येक शाखेत परकीय नोटा तयार नसतात, म्हणून अधिकृत फॉरेक्स विक्रेत्याकडे किंवा बँकेत आठ-दहा दिवस आधी मागणी नोंदवावी; अगदी शेवटी विमानतळावर घेतल्यास दर महाग पडतो. रोखीने परकीय चलन घेताना ५०,००० रुपयांची मर्यादा आहे. त्यापुढील रक्कम धनादेशाने किंवा खात्यातून द्यावी लागते. बहुतेक देशांसाठी एका फेरीला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, आणि परतीच्या प्रवासासाठी २५,००० रुपयांपर्यंत भारतीय नोटा जवळ ठेवता येतात. एवढ्या नोटांची सहसा गरज पडत नाही.

निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करावा. २०२० पासून नवीन कार्डांवर तो बंदच दिला जातो आणि खातेदाराने स्वतः सुरू करावा लागतो. हे काम जमिनीवर असतानाच उरकावे, कारण समुद्रात फोनचे नेटवर्क जहाजाच्या उपग्रहावर चालते, ओटीपी वेळेवर येईलच असे नाही, आणि चुकून सुरू राहिलेल्या रोमिंगचे बिल खूप मोठे येऊ शकते. म्हणून जहाज बंदर सोडताच फोन विमान मोडवर ठेवावा. कुटुंबात दोन वेगवेगळी कार्डे असावीत आणि ती दोघांच्या जवळ असावीत, म्हणजे एक अडकले तरी दुसरे हाताशी राहते.

शेवटच्या संध्याकाळी पूर्ण बिल मागून घ्यावे आणि एकेक ओळ तपासावी. सकाळी उतरण्याच्या घाईत रिसेप्शनसमोर लांब रांग असते आणि तेव्हा वाद घालायला कोणाकडेच वेळ नसतो. उरलेली परकीय नाणी भारतात परत घेतली जात नाहीत, म्हणून ती शेवटच्या बंदरावरच खर्चून टाकावीत. नोटा मात्र घरी परतल्यावर १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा अधिकृत विक्रेत्याकडे देता येतात, आणि पुढच्या प्रवासासाठी २,००० डॉलरपर्यंत जवळही ठेवता येतात.