मित्रांना आठवडाभर बोटीवर बोलावताय? आधी संडास समजावून सांगा

शिडाच्या बोटीवर मित्रमंडळींना बेटं फिरवायची म्हटलं की सल्ले सुरू होतात ते मेनूचे. खाणं जमतं हो. खाऱ्या वाऱ्यावर साधा भातही गोड लागतो. आठवड्याचा विचका होतो तो संडासापायी, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

सामान मऊ पिशव्यांत आणायला सांगा; चाकांच्या कडक बॅगा ठेवायला जागा नसते. लाइफजॅकेट प्रत्येकाच्या अंगावर चढवून पट्टे आवळून बघा. स्वयंपाकाचा गॅस वापरून झाला की सिलिंडरपाशीच बंद करायचा, कारण तो हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बोटीच्या तळाशी साचतो. वायरलेसवर चॅनेल 16 लावून मदत कशी मागायची, हे तुमच्याखेरीज आणखी एकाला तरी आलं पाहिजे.

आता संडास. बोट सुटायच्या आधी एकेकाला आत न्या आणि पंप त्याच्या हातात द्या. नुसतं तोंडी सांगून कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि भिंतीवर चिकटवलेली सूचना कुणी वाचत नाही. लाजायचं कसलं? पहिल्या तासात तुम्ही लाजलात, तर तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात घालून नळी तुम्हालाच उपसायची आहे.

हातपंपाच्या संडासाला एक खटका असतो. एका बाजूला केला की दट्ट्याबरोबर समुद्राचं पाणी भांड्यात येतं, दुसऱ्या बाजूला केला की भांडं फक्त रिकामं होतं. काम झालं की पाणी घेऊन सावकाश, पूर्ण लांबीचे पंधरा-वीस दट्टे मारायचे. लोक चार मारून बाहेर पडतात. मैला नळीतच अडकतो आणि दिवसभरात वास सुटतो. शेवटी खटका दुसऱ्या बाजूला करून भांडं कोरडं करायचं आणि तो तिथेच ठेवायचा, म्हणजे पाणी बंद. हे विसरलात आणि बोट वाऱ्याने कलली, तर भांडं पाण्याच्या पातळीखाली जाऊन समुद्र आत यायला लागतो. मी तर चालत्या बोटीत पाणी घ्यायचा व्हॉल्व्हही वापरानंतर बंद करायला लावतो.

भांड्यात काय टाकायचं? जे आधी तोंडातून पोटात गेलंय तेवढंच. कागदसुद्धा झाकणाच्या डब्यात. थोडा कागद चालतो म्हणणारे भेटतात. त्यांनी पंपातली रबरी झडप कधी स्वतः बदललेली नसते. ओले वाइप्स तर अजिबात नकोत, पाकिटावर काहीही छापलेलं असो. पुरुषांनीही बसूनच. आणि दट्ट्या जड लागला तर थांबायचं, तुम्हाला हाक मारायची. जोर लावला की नळीचा सांधा निसटतो. पुढचं वर्णन नको.

मैल्याची टाकी 40-50 लिटरची असेल तर सहा जणांत एक-दोन दिवसांत भरते. ती कुठे रिकामी करता येते याचे नियम जागोजागी वेगळे, ते आधी बघून ठेवा. नांगर टाकलेल्या खाडीत मात्र कधीच नाही. शेजारच्या बोटीवरची पोरं त्याच पाण्यात पोहत असतात.

मार्ग आखताना दिवसाला 20 सागरी मैल पुरेत, म्हणजे 5 नॉटने (ताशी 5 सागरी मैल) चार तास. एक दिवस वाऱ्यासाठी मोकळा सोडा. मधेच येऊन मिळणाऱ्या मित्राला एक तर जागा ठरवू द्या, नाहीतर दिवस. दोन्ही कबूल केलंत की नको त्या हवेत बोट हाकावी लागते.

बोट लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या तास-दोन तास आधी घ्यायची, डॉक्टरांना विचारून. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. त्यांना खाली केबिनमध्ये झोपायला पाठवू नका. वर बसवा, क्षितिजाकडे बघायला सांगा, जमलं तर सुकाणू हातात द्या.

नांगर उजेडातच टाकायचा. साखळी भरतीच्या वेळच्या खोलीच्या निदान पाचपट सोडायची, आणि त्या खोलीत पाण्यापासून नाळेपर्यंतची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतची, उंचीही धरायची.

शेवटची रात्र परतीच्या बंदराजवळच काढा. पाहुणे उतरले की संडासात पांढरं व्हिनेगर ओतून ते नळीत पोहोचेल इतकेच दट्टे मारा आणि रात्रभर राहू द्या. लघवी आणि खाऱ्या पाण्याने नळीत जे क्षार धरतात ते त्याने सुटतात. सकाळी समुद्राच्या पाण्याने धुऊन, मग टाकी उपसायच्या पंपाकडे बोट न्या.