दुसरा पॉवर सप्लाय एकटा भार उचलेल का? चाचणीआधीची तयारी

सर्व्हरच्या मागे दोन पॉवर सप्लाय, दोन्हींचे दिवे हिरवे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण दोघे मिळून निम्मा-निम्मा भार वाहत असताना तो हिरवा दिवा फार थोडं सांगतो. सगळा भार अंगावर आल्यावर एकटा सप्लाय टिकेल का, हे दुसऱ्याचा प्लग काढल्याशिवाय कळत नाही. तो प्लग आपण ठरवून, माणसं हाताशी असताना काढलेला बरा. मात्र त्याआधीची तयारी चाचणीपेक्षा मोठी असते.

पहिलं काम टॉर्च घेऊन रॅकच्या मागे जाण्याचं. प्रत्येक उपकरणाची प्रत्येक पॉवर केबल हाताने धरून दुसऱ्या टोकापर्यंत जा. फीड म्हणजे वीज येण्याची स्वतंत्र वाट, पीडीयू म्हणजे रॅकमध्ये ती वाटणारी सॉकेटांची पट्टी. एक सप्लाय ए फीडच्या पीडीयूवर, दुसरा बी फीडच्या, आणि हे दोन्ही पीडीयू पुढे वेगवेगळ्या यूपीएसवर गेलेले हवेत. एका रॅकमध्ये मला दोन्ही केबल एकाच पीडीयूत सापडल्या होत्या. टायने आवळलेल्या जुडग्यात दुसरी केबल डावीकडे जाऊन परत उजवीकडे वळली होती, आणि तिच्या लेबलवर ठळक ‘बी’ लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी लेबल वाचतो, पण विश्वास बोटांवर ठेवतो. याच फेरीत एकच सप्लाय असलेली उपकरणं वेगळी लिहून घ्या. संपूर्ण फीड बंद करून बघायची वेळ आली की ती उपकरणं बंद पडणारच.

आता भाराचा हिशोब. घाई करू नये ती इथेच. समजा दोन्ही पीडीयूंवर १६ अँपिअरचे ब्रेकर आहेत आणि प्रत्येकावर १२ अँपिअर भार आहे. आकडा बघून सगळं ठीक वाटतं. ए फीड गेला की बी वर २४ अँपिअर येतात. ब्रेकर त्या क्षणी पडेलच असं नाही. एवढ्या जादा भाराला तो आधी तापतो आणि बहुधा काही मिनिटांनी पडतो. म्हणजे अर्धा मिनिट प्लग काढून ‘चाललं बुवा’ म्हणत परत लावला, तर आपण स्वतःचीच फसवणूक केली. सतत चालणारा भार ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांत ठेवायचा हा नेहमीचा संकेत. दोन फीड असतील तर एरवी प्रत्येकावर त्याच्या निम्मा, म्हणजे ४० टक्के. १६ अँपिअरला ६.४. हा आकडा शांत वेळेचा घेऊ नका, गर्दीच्या तासातला सर्वाधिक आकडा घ्या.

मग सेटिंग. काही सर्व्हर एका सप्लायला स्टँडबायवर झोपवून ठेवतात; तसं आहे का ते आधी माहीत हवं, नाहीतर एका फीडवरचा शून्याजवळचा भार बघून गोंधळ उडतो. पीओई स्विचमध्ये (नेटवर्क केबलमधूनच कॅमेरे, फोन यांना वीज देणारा स्विच) दोन्ही सप्लायची ताकद एकत्र वापरण्याचा मोड चालू असेल, तर एक गेल्यावर स्विच चालू राहील, पण काही कॅमेरे आणि फोन मरतील. मोठ्या चेसिसमध्ये, म्हणजे अनेक मॉड्यूल बसणाऱ्या सांगाड्यात, सहा सप्लाय असून चालायला चार लागत असतील, तर दोन बिघडले तरी निभावतं. प्रत्येक फीडवर तीन असताना पूर्ण फीड गेला तर मात्र नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कागदावर दोन्हींना एकच शब्द असतो: रिडंडंट, म्हणजे एक गेलं तरी दुसऱ्यावर चालणारं.

बॅकअप घ्या, स्विचचं चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करा, शक्य तिथे काम दुसऱ्या सर्व्हरवर हलवा. बदली सप्लाय हाताशी ठेवा. तो त्याच वॅटचा आणि त्याच दिशेने हवा फेकणारा हवा.

अलर्ट हा चाचणीचा अर्धा भाग आहे. सप्लाय मेला आणि कुणाला कळलंच नाही, तर पुढचे कित्येक महिने उपकरण एकाच पायावर उभं असतं. म्हणून सगळ्या उपकरणांची घड्याळं जुळवा, एका माणसाला मॉनिटरिंगच्या स्क्रीनपाशी बसवा आणि प्लग काढल्यापासून अलर्ट यायला किती वेळ लागला ते लिहायला सांगा.

प्रत्यक्ष काढताना केबलच काढा, सप्लायचं अख्खं मॉड्यूल ओढू नका. ती चाचणी वेगळी, आणि रिकाम्या खाचेमुळे हवेचा प्रवाहही बिघडतो. एक बाजू परत लावली की लगेच दुसरीला हात घालू नका. पहिला सप्लाय हिरवा होऊ दे, भार पुन्हा दोघांत वाटला गेल्याचं आकड्यांत दिसू दे, मगच दुसरा. चालू उपकरण बंद पडण्याचा मोठा धोका याच घाईत असतो.

शेवटी शेजारच्या उपकरणांचे प्लगही एकेक करून दाबून बघा. जुडग्यातून हात घालताना कोपराचा धक्का लागून त्यातला एखादा अर्धा बाहेर आलेला असतो.